जिंकलो, म्हणून शंका खोटी ठरते का?

‘आता बोला!’ असं म्हणणाऱ्या लोकांची मला मोठी गंमत वाटते. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दीप्ती शर्माच्या चेंडूवर हरमनप्रीतने मागे पळत जाऊन तो शेवटचा झेल घेतला, आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदा विश्वचषक जिंकला, आणि दुसऱ्या दिवसापासून ‘आता बोला’ सुरू झालं. म्हणजे ऑक्टोबरमध्ये ज्यांनी ज्यांनी प्रशिक्षक अमोल मुजुमदार यांच्या निर्णयांवर शंका घेतली होती, त्यांनी आता तोंड लपवावं, अशी अपेक्षा!

मी शंका घेणाऱ्यांपैकी होते. आणि मी तोंड वगैरे काही लपवणार नाही. कप आला याचा आनंद मला कोणापेक्षा कमी नाही. १९७३ पासून महिलांचा विश्वचषक होतोय. २००५ ला आपण अंतिम फेरीत ऑस्ट्रेलियाकडून हरलो. २०१७ ला तर लॉर्ड्सवर हातातोंडाशी आलेला घास गेला. २२९ करायच्या होत्या, ३ बाद १९१ होत्या, मुंबईची पूनम राऊत ८६ वर खेळत होती, आणि २१९ वर सगळ्या बाद. नऊ धावांनी गेला तो कप. तेव्हापासूनचा ठसठसणारा सल २०२५ ला गेला. पण आनंद वेगळा आणि हिशेब वेगळा, हे घर चालवणाऱ्या बाईला कोणी शिकवायला नको. भाजी झक्क झाली म्हणून गॅस चालू ठेवून बाजारात जाणं शहाणपणाचं होत नाही. घर जळलं नाही, हे नशीब. गॅस चालू ठेवला होता का, हा प्रश्न उरतोच.

आता अमोल मुजुमदार कोण, हे ज्या मैत्रिणींना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कारण ही गोष्ट माहीत नसेल तर हा माणूस कळत नाही. दादरच्या शारदाश्रम शाळेचा, रमाकांत आचरेकर सरांचा विद्यार्थी. १९८८ साली सचिन आणि विनोद कांबळीने हॅरिस शील्डमध्ये ती ६६४ धावांची भागी केली ना, तेव्हा पुढची पाळी या मुलाची होती. पॅड बांधून बसला आणि बसूनच राहिला. पुढे मुंबईकडून रणजीत पहिल्याच सामन्यात हरियाणाविरुद्ध २६०. पदार्पणात एवढ्या धावा त्या काळी जगात कोणी केल्या नव्हत्या. एकूण अकरा हजारांवर प्रथम श्रेणीच्या धावा, तीस शतकं, २००६-०७ ला मुंबईचा कर्णधार म्हणून रणजी करंडक. आणि भारताकडून किती सामने? एकही नाही. द्रविड, गांगुली, लक्ष्मण यांच्या काळात जन्माला आला, एवढाच काय तो गुन्हा.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ते महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले, तेव्हा ‘जो स्वतः भारताकडून खेळला नाही तो काय शिकवणार’ असं बोलणारे होतेच. ही शंका मात्र मला कधीच पटली नाही. आयुष्यभर बाकावर बसून दुसऱ्यांचा खेळ पाहिलेल्या माणसाला खेळ जास्त कळू शकतो. आणि संघाबाहेर राहणाऱ्या मुलीचं मन तर त्यालाच कळायला हवं! म्हणूनच पुढे जे झालं ते मला जास्त खटकलं.

आता मुद्द्यावर येते.

विश्वचषक सुरू झाला ३० सप्टेंबरला, नवरात्रातल्या अष्टमीला. श्रीलंका हरली, पाकिस्तान हरलं. सगळं आलबेल. पण बारकाईने बघणाऱ्या बायकांना त्यातही खटकत होतं. श्रीलंकेविरुद्ध आपल्या सहा जणी १२४ वर गेल्या होत्या, दीप्ती आणि अमनजोतने सावरलं. मग ९ ऑक्टोबरला विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिका. पुन्हा १०२ वर सहा बाद. आणि तेव्हा, सहा गडी गेल्यावर, आठव्या क्रमांकावर कोण येतं? ऋचा घोष! संघातली सगळ्यात लांब फटके मारणारी मुलगी. तिने ७७ चेंडूंत ९४ धावा कुटल्या आणि आपण २५१ पर्यंत गेलो. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. मी मनात म्हटलं, अहो, पण ही आठवी कशी काय? घरातली जी सून दोन हातांनी चार जणींचं काम उरकते, तिला पाहुणे जेवून उठल्यावर माहेराहून बोलावता काय?

तो सामना आपण हरलो. नदीन डी क्लर्कने ५४ चेंडूंत नाबाद ८४ करून आपल्या तोंडचा घास काढून नेला. त्यांचेही पाच गडी ८१ वर गेले होते, हे लक्षात घ्या.

तीन दिवसांनी ऑस्ट्रेलिया, मैदान तेच. स्मृती ८०, प्रतीका ७५, सलामीलाच दीडशेवर भागी. मग ४ बाद २९४ वरून ३३० ला सर्व बाद. शेवटच्या सहा जणी ३६ धावांत परतल्या, आणि षटकंही पूर्ण खेळल्या नाहीत. तिकडून अॅलिसा हीलीने १४२ ठोकले. ३३१ चा डोंगर त्यांनी एक षटक राखून पार केला.

इथे सहाव्या गोलंदाजाचा प्रश्न आला. ज्यांना क्रिकेट फारसं कळत नाही त्यांनाही हे सहज कळेल. एकूण पन्नास षटकं टाकायची आणि एकीला दहाच्या वर टाकता येत नाहीत. म्हणजे पाच जणी लागतातच. आता पंगतीत वाढायला नेमक्या पाचच जणी ठेवल्या आणि त्यातल्या एकीचा पाय मुरगळला, किंवा एकीच्या हातून वरण सांडायला लागलं, तर? सहावी पदर खोचून उभी असायला नको? आपला संघ या सामन्यांत पाचच नेहमीच्या गोलंदाजांवर खेळत होता. कारण फलंदाजी लांब हवी, असा हिशेब. त्या दिवशी श्री चरणी सोडली तर सगळ्यांना मार बसत होता आणि हरमनप्रीतकडे चेंडू द्यायला कोणी उरलं नव्हतं.

आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे हलक्या धानाच्या कापणीचे दिवस. वैनगंगेच्या काठच्या गावांत बाया सकाळी आठलाच बांधीत उतरतात. तरी दुपारी झाडाखाली डबा उघडताना ‘स्कोर का झाला वं?’ हा प्रश्न मी स्वतः ऐकलेला आहे. नेटवर्क असेल तिथे एखादीच्या मुलाच्या मोबाइलवर, नसेल तिथे संध्याकाळी रस्त्यावर आल्यावर. अशा एका गप्पांत एक बाई म्हणाली, ‘ताई, हे पाचच जणी काहून ठेवते जी?’ हा प्रश्न टीव्हीवरचे मोठमोठे माजी खेळाडू सूट घालून विचारत होते तोच होता. शब्द तेवढे वेगळे.

आणि मग इंदूर. १९ ऑक्टोबर, रविवार, दिवाळीचा फराळ अजून तळायचा बाकी. सहावी गोलंदाज हवी हे पटलं म्हणून रेणुका सिंग आली. चांगलं झालं. पण गेली कोण? जेमिमा रॉड्रिग्ज. तिचे त्या स्पर्धेतले आकडे मी लपवत नाही. शून्य, ३२, शून्य आणि ३३. कोणी म्हणेल, मग काय चुकलं? चुकलं असं, की इंग्लंडने २८८ केल्या आणि आपण ६ बाद २८४ वर थांबलो. चार धावांनी हरलो. हातात चार गडी, आणि धावा काढणारी एक बाई बाहेर पाणी नेऊन देतेय! स्मृती ८८, हरमनप्रीत ७०, दीप्ती ५०. तिघींनी ताट वाढून ठेवलं होतं. स्मृतीने सामन्यानंतर मोकळेपणाने सांगितलं, की पाच गोलंदाज पुरत नाहीत असं वाटलं म्हणून हा निर्णय घेतला, आणि माझा फटकाही चुकीचा होता. तिचा मोठेपणा. पण मला त्या रात्री जो प्रश्न पडला तो आजही आहे. सहावी गोलंदाज हवी होती हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं, तर ती सोय पंधरा जणींचा संघ निवडतानाच का नव्हती? तिसरा सामना हरायची वेळ येईपर्यंत थांबून मग एका चांगल्या फलंदाजाची पाटी पुसायची, याला डावपेच म्हणायचं की धावपळ?

तीन सामने ओळीने हरल्यावर मोबाइलवर जे काही सुरू झालं, त्याच्याशी मात्र माझं काही नातं नाही. ‘पोरींना पुन्हा स्वयंपाकघरात पाठवा’, ‘सारखं मानधन कशाला पाहिजे’ वगैरे. २०२२ मध्ये क्रिकेट मंडळाने पुरुष आणि महिलांना प्रत्येक सामन्याचं मानधन सारखं केलं, ते काही लोकांच्या अजून घशाखाली उतरलेलं नाही. हार झाली की ते बाहेर येतं. ही शंका नव्हे, हा जुना राग. ‘ऋचा आठवी का?’ असं विचारणारी बाई ऋचाला खेळाडू मानते, आणि म्हणूनच विचारते. हे दोन्ही आवाज एकाच पिशवीत घालून ‘टीकाकार’ म्हणून मोकळं होणं हा आमच्यासारख्यांवर अन्याय आहे.

आणि घरातलं वेगळंच. आमचे एक नात्यातले भाऊजी आहेत, क्रिकेटचा कीडा. इंदूरच्या सामन्यानंतर मी त्यांना म्हटलं, जेमिमाला काढायला नको होतं, अमनजोत किंवा हरलीनपैकी एकीचा विचार करता आला असता. तर म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही चकल्या पाहा, हे मोठ्या लोकांचं काम आहे.’ चार दिवसांनी, भाऊबीजेला, न्यूझीलंडविरुद्ध जेमिमा परत आली, अमनजोतच्या जागी. स्मृती १०९, प्रतीका १२२, आणि जेमिमा तिसऱ्या क्रमांकावर येऊन ५५ चेंडूंत नाबाद ७६. भाऊजी काही बोलले नाहीत. चकल्या मात्र चार जास्त खाल्ल्या.

मग ३० ऑक्टोबरची ती उपांत्य फेरी. ऑस्ट्रेलियाच्या ३३८. २०१७ मध्ये आपल्याचकडून हरल्यानंतर एकदिवसीय विश्वचषकात हा संघ एकदाही हरला नव्हता. आपल्या ५ बाद ३४१, नऊ चेंडू राखून. जेमिमा नाबाद १२७, हरमनप्रीत ८९. महिला क्रिकेटमध्ये एवढ्या धावांचा पाठलाग त्याआधी कोणी केला नव्हता. सामना संपल्यावर ती मुलगी मैदानावर रडत होती. नंतर तिने सांगितलं, की या स्पर्धेत ती जवळजवळ रोज रडली, मनावर प्रचंड ताण होता, संघातून काढल्यावर तर फारच. आणि आणखी एक गोष्ट सांगितली. आपल्याला तिसऱ्या क्रमांकावर जायचंय हे तिला मैदानात उतरायच्या पाच मिनिटं आधी कळलं. आंघोळीला गेली होती ती!

सगळ्यांना हे ऐकून कौतुक वाटलं. मला काळजी वाटली. विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर ऑस्ट्रेलिया, आणि तिसरी कोण जाणार हे पाच मिनिटं आधी ठरतं? यशस्वी झालं म्हणून त्याला ‘मास्टरस्ट्रोक’ म्हणायचं. ८२ वर असताना तिचा सोपा झेल हीलीच्या हातून सुटला. तो बसला असता तर? तर हाच निर्णय ‘पोरखेळ’ ठरला असता, आणि ‘आता बोला’वाले हेच लोक मुजुमदारांची हकालपट्टी मागत असते. निर्णय तोच, माणूस तोच, फक्त एका बाईच्या हातमोज्यातून चेंडू सुटला की नाही, एवढाच फरक.

शफाली वर्माचंही तसंच. ती काही योजनेत नव्हती, राखीव यादीतही नव्हती. सुरतेला हरियाणाकडून खेळत होती. २६ ऑक्टोबरला पावसात वाहून गेलेल्या बांगलादेशच्या सामन्यात प्रतीकाचा पाय मुरगळला, म्हणून शफालीला बोलावणं गेलं. अंतिम सामन्यात तिच्या ७८ चेंडूंत ८७ धावा, वर दोन बळी. सुने लूस आणि मारिझान काप, दोन्ही मोठ्या. तिला चेंडू देणं हा तर हरमनप्रीतचा मनाचा कौल होता. तिने तसं सांगितलंही. कर्णधाराचं श्रेय कर्णधाराला द्यावं, प्रशिक्षकाच्या खात्यावर सगळं जमा करू नये. मग राखीव यादीतल्या मुली सोडून बाहेरची बोलावली, तर ती यादी कशासाठी होती, हे विचारायला काय हरकत आहे? त्या यादीत आपल्या महाराष्ट्राची तेजल हसबनीसही होती. शफाली सलामीची, तेजल मधल्या फळीतली, हे मला कळतं. पण मग राखीव सलामीवीर नव्हती, हे नियोजनच झालं ना कच्चं?

मुजुमदारांच्या बाजूने जे आहे तेही सांगायला हवं, नाहीतर मीही एकतर्फी होईन. इंग्लंडकडून हरल्यावर ते ड्रेसिंग रूममध्ये मुलींना चांगलंच बोलले, असं हरमनप्रीतने नंतर सांगितलं. एरवी शांत माणूस. पण हरल्यानंतर बाहेर येऊन त्यांनी कोणा मुलीवर खापर फोडल्याचं मी ऐकलं नाही. आत बोलले, बाहेर झाकलं. आणि चूक उमगल्यावर चार दिवसांत जेमिमाला परत आणलं, अहंकार मधे आणला नाही. हे सोपं नाही बरं का. किती घरांत एकदा दिलेला शब्द चुकीचा होता हे दिसत असूनही केवळ मोठेपणापायी मागे घेतला जात नाही! अंतिम सामन्यानंतर हरमनप्रीत वाकून त्यांच्या पाया पडली, ते उगाच नाही.

२०१८ आठवा. नोव्हेंबरमध्ये वेस्ट इंडिजला टी-ट्वेंटीचा विश्वचषक होता. मिताली राजने पाकिस्तान आणि आयर्लंडविरुद्ध अर्धशतकं केलेली, आणि उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध तिलाच बाहेर बसवलं. आपण ११२ वर बाद, आठ गडी राखून हरलो. तेव्हा रमेश पोवार प्रशिक्षक होते, तेही मुंबईचेच. पुढे मितालीने मंडळाला पत्र लिहिलं, त्यांनी आपली बाजू मांडली, सगळं वर्तमानपत्रांतून धुणं धुतलं गेलं. त्यात मला सगळ्यात वाईट काय वाटलं असेल, तर इतक्या वर्षांच्या, इतक्या धावांच्या बाईला ‘तू आज का नाहीस’ हे नीट समजेल असं कोणी सांगितलंच नाही, असं तिचं म्हणणं होतं.

आपल्या विदर्भाला कडक प्रशिक्षक काय करू शकतो हे चांगलं माहीत आहे. चंद्रकांत पंडित आले आणि २०१७-१८ ला विदर्भाने पहिल्यांदा रणजी जिंकली, पुढच्या वर्षी पुन्हा. शिस्त म्हणजे शिस्त. नंतर तेच मध्य प्रदेशला गेले आणि २०२२ मध्ये अंतिम फेरीत मुंबईला हरवलं. त्या मुंबईचे प्रशिक्षक कोण होते? अमोल मुजुमदार! असो, हे सहज आठवलं म्हणून सांगितलं. सांगायचं एवढंच, की एकाची कडक पद्धत चालते आणि दुसऱ्याची मवाळ पद्धतही चालते, पण खेळणाऱ्याला कारण कळलं पाहिजे, हे दोन्हीकडे सारखंच.

हे मी एवढं धरून का बसले? त्याला कारण आहे. कामानिमित्त मी दोन्ही जिल्ह्यांतल्या मुलींच्या शाळा-वसतिगृहांत फिरत असते. हिमोग्लोबिन, पाळीच्या दिवसांतली स्वच्छता, हे माझे विषय. एका वसतिगृहात आठवीतली एक मुलगी होती. कबड्डीत चढाईला गेली की हात लावून सापासारखी निसटायची. तालुक्याच्या सामन्याच्या दिवशी सकाळी तिला सांगितलं, तू राहू दे. बस्स, एवढंच. दिवसभर ती मैदानाच्या कडेला बाकीच्यांच्या चपला राखत बसली. मी सहज विचारलं तर उत्तर आलं, ‘मॅडम, तुम्ही तपासणीसाठी आल्या ना, तेवढं बघून घ्या.’ कारण काय होतं ते महिनाभराने तिसऱ्याच कोणाकडून कळलं. समोरच्या संघातल्या मुली उंच होत्या म्हणून उंच मुली उतरवल्या. आता हे कारण वाईट नाही हो! डाव म्हणून बरोबरही असेल. पण दोन वाक्यांत हे त्या पोरीला सांगायला काय पैसे पडत होते? ती पुन्हा मैदानावर आली नाही. ‘मला नाही येत चांगलं’ असं तिने स्वतःच ठरवून टाकलं. पुढच्या वर्षी शाळाही सुटली. कबड्डीमुळेच सुटली असं मी म्हणणार नाही, घरची कारणं होती. पण शाळेकडे ओढून ठेवणारी एक दोरी तुटली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

जेमिमाला आईवडील होते, मैत्रिणी होत्या, सांभाळून घेणारी अरुंधती रेड्डी होती. तिने त्या सगळ्यांची नावं घेऊन आभार मानले. आणि चार दिवसांत परत येण्याची संधी होती. आमच्या पोरींना एक सामना हुकला की पुढच्या वर्षीपर्यंत दुसरा नाही. तोवर कोणाचं लग्न ठरतं, कोणी मिरची तोडायला तेलंगणात जाते.

म्हणून मला वाटतं, प्रश्न विचारायची सवय प्रेक्षकांत आधी यायला पाहिजे. आपल्याकडे आहेही ती. याच बायका २०१० मध्ये दारूबंदीसाठी चिमूरहून चालत नागपूरला अधिवेशनावर गेल्या होत्या. २०१५ ला चंद्रपूरला दारूबंदी झाली, २०२१ मध्ये ती उठवली, तेव्हाही ‘काहून उठवली?’ हे त्यांनीच विचारलं. ग्रामसभेत ठेकेदाराला बांबूचा हिशेब मागणाऱ्या बायका आहेत आपल्याकडे. मग शाळेच्या मैदानाच्या कडेला उभी राहिलेली आई खेळाच्या सरांना ‘सर, माझ्या पोरीला आज का नाही घेतलं?’ असं विचारताना एवढी का चाचरते? कारण तिला वाटतं, खेळातलं आपल्याला काय कळतं. आणि घरातले भाऊजी तेच म्हणत असतात.

क्रांती गौड छतरपूर जिल्ह्यातल्या घुवारा नावाच्या छोट्या गावातली. रेणुका हिमाचलच्या डोंगरातली. श्री चरणी कडपा जिल्ह्यातली. मुंबई-दिल्लीच्या नसलेल्या मुली जगाच्या मैदानावर चेंडू टाकतात, तर आमच्या आरमोरी-मूल-अहेरीच्या का नाही, असं हल्ली सगळे भाषणात म्हणतात. म्हणू द्या. पण गावात मुलींसाठी मैदान, संध्याकाळी सहानंतर दिवा, परत न्यायला वाहन, आणि ‘तू आज का नाहीस’ हे समोर बसवून सांगणारी एक ताई किंवा सर, एवढं आधी पाहिजे. चौथी गोष्ट फुकट आहे, तरी तीच मिळत नाही.

राहता राहिली ऋचा. अंतिम सामन्यातही ती सातवी आली. तिच्याआधी अमनजोत. तोवर चव्वेचाळिसावं षटक लागलं होतं. आली, आणि २४ चेंडूंत ३४ केल्या, तीन चौकार नि दोन षटकार. आपल्या २९८ झाल्या आणि त्या पुरल्या. वॉल्वार्टने एकटीने १०१ करून शेवटपर्यंत जीव टांगणीला लावला होता. अमनजोतने तो झेल दोनदा उडवून तिसऱ्यांदा धरला तेव्हा कुठे आमचा श्वास सुटला. ऋचा पाच षटकं आधी आली असती तर ३२० झाल्या असत्या आणि त्या रात्री बारापर्यंत नखं खायची वेळ आली नसती, हे माझं मत आहे. मुजुमदार सरांचं काही वेगळं असेल, तर ते ऐकायला मला नक्की आवडेल.